न वाचणारा चिटणीस

मल्लिकार्जुन हिप्परगींना वाचता येत नव्हतं असं नाही. सातवीपर्यंत शाळा झाली होती. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि दुकानावर येणाऱ्या विणकरांशी कामापुरतं तेलुगू, अशा तिन्ही भाषा ते बोलायचे. पण पुस्तक हातात घेतलं की दुसऱ्या पानावर त्यांचं मन उठून बाहेर जायचं आणि तिसऱ्या पानावर डोळे मिटायचे. वर्तमानपत्रात ते सुताचे भाव बघत, कोण वारलं ते बघत, आणि घडी घालून ठेवत. असा हा माणूस सोलापुरातल्या नवजीवन सार्वजनिक वाचनालयाचा पंधरा-सोळा वर्षं चिटणीस होता. लोक हसायचे. तेही त्यांच्यात सामील होऊन हसायचे.

त्यांचं दुकान अक्कलकोट रोडला, एमआयडीसीकडे वळायच्या अलीकडे. यंत्रमागाचे सुटे भाग मिळायचे तिथं. धोटे, पट्टे, बेअरिंग, स्प्रिंगा. पाळी सुटली की टॉवेलच्या कारखान्यातले कामगार सायकली भिंतीला टेकवून आत यायचे, तुटलेला भाग काउंटरवर ठेवायचे, आणि मल्लिकार्जुन न विचारता तसाच नवा काढून द्यायचे. सगळा रस्ता त्यांना अण्णा म्हणायचा.

वाचनालयाशी त्यांची गाठ पडली ती बायकोमुळे. सावित्रम्मा इंडी तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील शाळेत मास्तर, त्यामुळे घरात कन्नड पुस्तकं ढिगानं. ती लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला मराठी लिपी लागत नव्हती. दुपारचं काम आटोपलं की करायला काही नाही. एकदा मल्लिकार्जुन जेवायला घरी आले, तर ती साखरेच्या पुडीचा कागद गुडघ्यावर ठेवून तळहातानं सपाट करत बसली होती.

"काय बघतीस त्यात?" त्यांनी कन्नडमधून विचारलं.

"अक्षरं," ती म्हणाली. "कळत नाहीत, पण बघते."

त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा एका कापड दुकानदारानं सांगितलं, विणकर सोसायटीच्या इमारतीत वर वाचनालय आहे, तिथं कन्नड पुस्तकांची दोन कपाटं आहेत, कुणी विचारत नाही. अण्णा दगडी जिना चढून वर गेले. लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, चार मोठ्या खिडक्या, आणि टेबलामागं गुरुशांत मास्तर, त्या वेळचे चिटणीस.

"कुठलं देऊ?" मास्तरांनी विचारलं.

"कुठलंबी द्या."

"म्हणजे तुम्हाला काय आवडतं?"

"मला न्हाय. घरात वाचणार हाय."

मास्तरांनी त्यांच्याकडं जरा बघितलं, कपाट उघडलं आणि एक जाडजूड कादंबरी काढून दिली. आठवड्याच्या आत अण्णा ती परत घेऊन आले. मग दुसरी नेली. सावित्रम्मा म्हणायची, याच माणसाचं आणखी असेल तर आणा. लेखकाचं नाव अण्णांच्या ध्यानात राहायचं नाही, म्हणून ते जुनं पुस्तक मास्तरांपुढं धरून "हेच्यासारखं द्या" म्हणायचे, बेअरिंग मागितल्यासारखं. पुढं सावित्रम्मा स्वतःही अधूनमधून यायला लागली, मास्तरांनी तिला मुलांची पुस्तकं देऊन मराठी वाचायला लावलं, आणि पाच-सहा वर्षांत ती नवऱ्याच्या दसपट मराठी वाचायला लागली. पण कन्नडची कपाटं तिनं सोडली नाहीत. पुस्तकं मात्र अण्णाच आणत आणि नेत. त्यांना तिथं बसायला आवडायचं. का आवडायचं हे त्यांना सांगता आलं नसतं. दिवसभर दुकानात लोखंड वाजायचं, भाव करणारे यायचे. इथं पंखा फिरायचा, पाळीवरून आलेली माणसं चपला जिन्यात काढून पेपर वाचत बसायची, आणि कुणी कुणाला काही विकत नसायचं.

मास्तर थकले तेव्हा त्यांनी शिक्का आणि किल्ल्या अण्णांच्या हातात ठेवल्या.

"मास्तर, मी वाचत न्हाय. तुमाला ठावं हाय की."

"वाचणारे भरपूर आहेत," मास्तर म्हणाले. "त्यातला एकही वेळेवर कुलूप उघडायला येत नाही."

तसं अण्णांचं चिटणीसपद सुरू झालं. रोजचं काम श्रीदेवी बघायची. ती ग्रंथपाल. ग्रंथालयाचा कोर्स केलेली, गल्लीतल्या बिड्या वळणाऱ्या बायकांना नावानं ओळखणारी. कुणाच्या मुलीला कुठलं पुस्तक लागेल हे ती आधीच काढून ठेवायची. तिचा पगार सरकारच्या अनुदानातून निघायचा आणि तो पगार म्हणण्यासारखा नव्हताच, पण तो ठरावीक वेळी तरी यायचा. अण्णा खिडक्यांच्या काचा बसवून घ्यायचे, गळणारं छप्पर बघायचे, वर्गणी मागायला दारोदार हिंडायचे. मोठं काही घडत नव्हतं. वाचनालय चाललं होतं, इतकंच.

मग अनुदान मागंपुढं व्हायला लागलं. आधी उशिरा आलं, मग अर्धं आलं. नवी पुस्तकं घेणं बंद झालं, पेपर कमी केले. श्रीदेवीनं सुरुवातीला काही म्हटलं नाही. एकदा मात्र दिवाळीच्या तोंडावर तिनं टेबलावरची धूळ पुसता पुसता विचारलं, "अण्णा, या वेळी तरी येईल का हो?" अण्णांनी दुकानाच्या गल्ल्यातून तिला काही दिलं. तिनं ते घेतलं, पण घेताना मान वर केली नाही. दोघांनाही ते बरं वाटलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तपासणी झाली. तपासायला आलेला अधिकारी तरणा होता, सभ्य होता. जिना चढून घामाघूम झाला होता. श्रीदेवीनं त्याला पाणी दिलं. त्यानं नोंदवह्या बघितल्या, कपाटं मोजली, संगणक कुठाय विचारलं. संगणक नव्हता.

"काका, नव्या निकषांत तुम्ही बसत नाही," तो म्हणाला. "दर्जा खाली येईल. अनुदानही त्याप्रमाणं कमी होईल."

"साहेब, पुस्तकं घ्यायला अनुदान न्हाय म्हणून पुस्तकं कमी झाली. पुस्तकं कमी झाली म्हणून वाचक कमी झालं. आता वाचक कमी म्हणून तुमी आनखी कमी करनार. हे कसं व्हायचं?"

अधिकाऱ्यानं नोंदवही मिटली. "तुमचं खरं आहे, काका. पण मला यात तसं लिहायची सोय नाही. मी फक्त जे आहे ते भरतो."

त्याच्यावर रागवावं असं त्याच्यात काही नव्हतं. अण्णांनी त्याला खालपर्यंत सोडायला जाऊन उसाचा रस पाजला.

दोन महिन्यांनी दर्जा उतरल्याचं पत्र आलं. 'ब' वर्गातलं वाचनालय 'क' वर्गात गेलं. अण्णा आणि श्रीदेवी ग्रंथालयांच्या जिल्हा कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, निर्णय पुण्याला झाला. पुण्याला फोन केला तर तिकडच्यांनी सांगितलं, धोरण मुंबईत ठरतं. मुंबईचा नंबर कुणापाशी नव्हता. मग अण्णा एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले. पुढाऱ्यानं चहा दिला, मास्तरांची आठवण काढली, "मीही लहानपणी तिथं पेपर वाचायला यायचो" म्हणाला, आणि अधिवेशनात विषय मांडतो असा शब्द दिला. अण्णा आनंदानं घरी आले. सावित्रम्माला म्हणाले, "माणूस चांगला हाय."

"री, मांडला तर चांगला," ती म्हणाली. नवऱ्याला ती कधी नावानं हाक मारत नसे, कन्नड रीतीनं 'री' एवढंच म्हणायची.

पावसाळा संपता संपता जिल्ह्यातल्या वाचनालयांनी मिळून पूनम गेटला धरणं धरायचं ठरवलं. सोलापुरात ज्याला कुणाला सरकारकडं काही मागायचं असतं तो जिल्हा परिषदेच्या त्या फाटकापाशी मांडव घालून बसतो. शेजारच्या मांडवात अंगणवाडीच्या बायका बसल्या होत्या, पलीकडं पाण्याच्या टँकरवाल्यांचं काहीतरी चाललं होतं. माळशिरसकडून, टेंभुर्णीकडून, कुठून कुठून ग्रंथपाल आले होते. त्यातले पुष्कळ जण सकाळी दुसरीकडं नोकरी करून संध्याकाळी वाचनालय उघडणारे. टेंभुर्णीचे शहाजी पेट्रोल पंपावर रात्रपाळी करून तसेच झोप न घेता आले होते. अण्णांनी दुकान बंद ठेवलं होतं. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, आणि हातात श्रीदेवीनं रंगवलेला फलक. अंगणवाडीच्या बायकांच्या घोषणा इतक्या मोठ्या होत्या की वाचनालयवाल्यांच्या घोषणा कुणाच्या कानावर जात नव्हत्या. शेवटी बायकांनीच दया येऊन मधे मधे थांबायला सुरुवात केली.

दुपारी एक मुलगी माईक घेऊन आली. गावातल्या एका यूट्यूब वाहिनीची. नवीन होती, नम्र होती. तिनं वयानं मोठे म्हणून अण्णांना निवडलं. अण्णांनी अनुदानाचं सांगितलं, श्रीदेवीच्या पगाराचं सांगितलं, पाळीवरून येणाऱ्या कामगारांचं सांगितलं. बोलणं चांगलं चाललं होतं.

"अण्णा, शेवटचा प्रश्न," मुलगी हसून म्हणाली. "वाचनालयासाठी तुम्ही एवढे लढताय. तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं?"

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी किती पुस्तकं पिशवीत घालून नेली-आणली होती. एकेका पुस्तकाचं वजन त्यांना आठवत होतं, कुठल्या पुस्तकाचा पुठ्ठा निघाला होता आणि तो त्यांनी स्वतः खळ लावून चिकटवला होता ते आठवत होतं. नाव एकही येईना. त्यांनी श्रीदेवीकडं बघितलं. श्रीदेवी काही सांगणार तेवढ्यात मुलीनं माईक आणखी जवळ नेला.

"लई हायती आमच्याकडं," अण्णा म्हणाले.

"हो, पण तुम्ही वाचलेलं एखादं?"

त्यांना खोटं सांगता आलं असतं. तेवढं सुचलं नाही. "मी वाचत न्हाय," ते म्हणाले.

मुलगी गोंधळली. "बरं, धन्यवाद अण्णा," म्हणून तिनं माईक खाली घेतला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वाहिनीच्या मालकानं बाकीचं सगळं कापून तेवढंच ठेवलं आणि वर मथळा दिला, चिटणीसच वाचत नाहीत, मग अनुदान कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा घ्यायला आलेल्या एका कामगारानं फोन काउंटरवर सरकवला.

"अण्णा, फेमस झालाव की."

अण्णांनी आपलाच चेहरा बघितला. तोंड उघडं, फलक वाकडा. खाली लोकांनी हसण्याची चित्रं टाकली होती. कुणीतरी लिहिलं होतं, असल्या लोकांमुळंच वाचनालयं बुडाली. त्यांनी फोन परत दिला आणि पट्टा मोजून दिला.

आठवड्यानं ते पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले. या वेळी साहेब भेटले नाहीत. त्यांचा माणूस बाहेर आला. "अण्णा, जरा दिवस जाऊ द्या," तो म्हणाला. "ती क्लिप साहेबांनी पण बघितली. आत्ता तुमचा विषय काढला तर लोक साहेबांनाच हसतील. समजून घ्या."

अण्णांनी समजून घेतलं. परत येताना ते दुकानात न जाता वाचनालयात गेले आणि श्रीदेवीला म्हणाले, "बारीक असलेलं एक पुस्तक दे. मला झेपंल असं."

श्रीदेवीनं एक छोटंसं गोष्टींचं पुस्तक दिलं. त्या रविवारी अण्णा सकाळीच आंघोळ करून, चष्मा पुसून, ओट्यावर बसले. कुणी पुन्हा विचारलं तर सांगता यावं, एवढंच मनात होतं. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. दुसऱ्या पानावरचा माणूस कोण ते कळेना म्हणून परत पहिल्यावर आले. मग समोरच्या घराची मोटार चालू झाली, तिच्या आवाजावरून त्यांना वाटलं, हिचं बेअरिंग जाणार. परत पहिलं पान. मान खाली गेली. सावित्रम्मा भाकरी थापून बाहेर आली तेव्हा पुस्तक छातीवर आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तिनं चष्मा काढून घेतला तसे ते जागे झाले.

"बिडरी," ती म्हणाली. "सोडून द्या. होत नाही तर नाही. मी वाचते की."

"तुला कोण इचारतंय?" ते म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं. पण ती चिडली नाही. "तेही खरंच," म्हणाली आणि आत गेली.

हिवाळ्यात कार्यकारिणीची बैठक झाली. खरं म्हणजे तोवर अर्धे सभासद यायचे बंद झाले होते. आले त्यात मृत्युंजय होता. शाळेच्या गणवेशाचं वर्कशॉप चालवणारा, चाळिशीतला, हुशार माणूस. अण्णांना त्याच्याबद्दल आदर होता. धरण्याच्या वेळी मांडवाचा खर्च त्यानंच केला होता आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

"अण्णा, मी स्पष्ट बोलतो," मृत्युंजय म्हणाला. "सरकार काय देणार न्हाय. आपण पाठीमागं लागून आपलंच हसं करून घेतलं. मी तुमाला म्हणत न्हाय, आपल्या सगळ्यांचं. आता वाचनालय उभं ठेवायचं तर एकच रस्ता हाय. या हॉलची अभ्यासिका करू. स्पर्धा परीक्षेची पोरं पुण्याला जातात, खोलीचं भाडं भरून मरतात. त्यांना हितं बसायला जागा देऊ. काचेचे कप्पे, एसी, वायफाय. पार्टिशन मी करून देतो. फीमधून लाइटबिल निघंल, श्रीदेवीताईंचा पगार निघंल."

"आणि पुस्तकं?" श्रीदेवीनं विचारलं.

"भिंतीकडंचे दोन रॅक राहू देऊ. बाकीची खाली सोसायटीच्या गोदामात. फेकत न्हाय की आपण."

"गोदामात वाळवी आहे."

"फवारणी करू."

"पेपर वाचायला येणारे?"

"जिन्यात बाकडं टाकू. ताई, त्या पोरांना शांतता लागते. पेपरवाले खोकतात, बोलतात."

खरं तर त्याच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. अण्णांच्या दुकानावर येणाऱ्या, माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरची पोरगी तलाठ्याच्या परीक्षेला बसली होती आणि घरी चार माणसांत तिचा अभ्यास होत नव्हता, हे अण्णांना माहीत होतं. त्या पोरीला जागा नको असं कसं म्हणायचं?

"आता कन्नडची कपाटं," मृत्युंजय म्हणाला. "ती आधी हलवावी लागतील, एसी तिथं बसतोय. गेल्या वर्षात किती वाचकांनी त्यातली पुस्तकं नेली, ताई?"

श्रीदेवीनं नोंदवही उघडली नाही. तिनं अण्णांकडं बघितलं आणि मग टेबलाकडं.

"एक वाचक आहे," ती हळू म्हणाली.

तो वाचक कोण हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळे अण्णा काय म्हणतात याची वाट बघत होते. मृत्युंजयही थांबला होता. अण्णांनी नुसतं राहू दे म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं, कपाटं दुसरीकडं सरकवली असती. पण माझ्या बायकोसाठी दोन कपाटं ठेवा, हे चिटणिसानं कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्यातून नुकतीच गावभर शोभा झालेली. त्यांनी घसा खाकरला. पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

"करा," ते म्हणाले. आणि ठरावावर सही केली. चिटणिसाची सही लागत होती.

घरी आल्यावर त्यांनी सावित्रम्माला सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. निवडतच राहिली.

"मी ती कपाटं घरी आणू का?" त्यांनी विचारलं. "मृत्युंजय न्हाय म्हननार न्हाय. पलंगाखाली, माळ्यावर, कुटंबी ठेवू."

"नको," ती म्हणाली. "ती लोकांची आहेत. आपल्या पलंगाखाली गेली की आपली होतील. आणि मी सगळी वाचलीत ती. काही तर तीन-तीनदा."

"मग तुला काय वाटत न्हाय?"

तिनं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. "वाटतं तर. पण एन माडोदु? काय करणार? माझं झालं. आणखी कुणी माझ्यासारखी इकडं लग्न होऊन आली, तर तिला कुठं पाठवाल, ते बघा."

अण्णा काही दिवस त्या दोन कपाटांच्या मागं हिंडले. अक्कलकोटच्या पुढं, सीमेजवळच्या एका कन्नड शाळेत फोन केला. हेडमास्तर म्हणाले, मुलांची असतील तेवढी द्या, कादंबऱ्या ठेवायला जागा नाही. एका मठात विचारलं तर तिथं फक्त धार्मिक ग्रंथ घेत होते. शेवटी मुलांची पुस्तकं एका गठ्ठ्यात बांधून शाळेकडं गेली आणि बाकीची खाली गोदामात, जुन्या हातमागाच्या लाकडांशेजारी. अण्णांनी वर प्लॅस्टिक टाकलं. पुस्तकं खाली नेताना मृत्युंजय स्वतः दोन्ही हातांत गठ्ठे घेऊन जिना उतरला. उतरून वर आला तेव्हा त्याचा सदरा धुळीनं माखला होता. "अण्णा, मला बी बरं वाटत न्हाय," तो म्हणाला. अण्णांनी त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

अभ्यासिका चांगली चालली. चाळीस जागा भरल्या आणि आणखी पोरं नाव लावून वाट बघू लागली. श्रीदेवीला पगार वेळेवर मिळायला लागला, पण तिचं काम आता पोरांची हजेरी घेणं आणि एसीचा रिमोट सांभाळणं एवढंच राहिलं होतं. ती वर्षभर राहिली. मग मृत्युंजयच्याच वर्कशॉपमध्ये गणवेशाची तपासणी करायला गेली. जाताना म्हणाली, "तिथं निदान काही हातात तरी येतं, अण्णा. शर्टाला बटण नसलं तर परत पाठवता येतं." अण्णांनी तिला थांब म्हटलं नाही. थांबवायला त्यांच्यापाशी काही नव्हतं. ती गेल्यावर आणखी जागा करायला भिंतीकडचे दोन रॅकही खाली गोदामात गेले.

ते मात्र संध्याकाळी जातच राहिले. सवयीनं किल्ल्या घेऊन. जिन्यात बाकड्यावर दोन-तीन म्हातारे विणकर उजेडाकडं पेपर धरून बसलेले असायचे. एकदा त्यांच्यातला एक जण हातमागाचं काही जुनं सांगू लागला आणि अण्णाही रंगात आले, तेव्हा वरचं काचेचं दार उघडलं आणि एक मुलगी ओठावर बोट ठेवून म्हणाली, "काका, जरा हळू." ती जॉबरचीच पोरगी होती. अण्णांना तिला बघून बरं वाटलं. ते गप्प बसले.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तपासणी झाली. तोच अधिकारी. या वेळी त्याचा घाम लगेच वाळला, एसीत बसायला मिळालं. देवघेवीची नोंदवही त्यानं उघडली. पानं जवळजवळ कोरी होती.

"काका, हे तर आणखी खाली जाईल."

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांनी या वेळी वाद घातला नाही. उसाचा रसवाला उठून गेला होता, म्हणून त्याला चहा पाजला.

त्यानंतर एका दुपारी म्हाळसाबाई दुकानात आली. सांगोल्याकडची धनगराची बाई. नवरा मेंढरं विकून एमआयडीसीत पॅकिंगला लागला, तेव्हापासून ती वाचनालयाच्याच गल्लीत राहायची. प्रौढ वर्गात अक्षरं शिकली होती आणि श्रीदेवीनं तिला वाचायची चटक लावली होती. सासू आजारी म्हणून ती बरेच महिने गावाकडं होती, आज आली होती. पदराखालून तिनं एक पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं, बेअरिंगांच्या डब्याशेजारी. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कोपरे दुमडलेले नाहीत.

"अण्णा, वर गेल्ते की मी. पोरं म्हणली, हितं पुस्तक घेत न्हायत. श्रीदेवीताई बी न्हाय. मग म्हणलं, तुमी चिटणीस, तुमच्यापाशी द्यावं. लई उशीर झाला. दंड असंल तर सांगा."

"दंड न्हाय काय," अण्णा म्हणाले. त्यांनी पुस्तक उचललं, धूळ नसताना सदऱ्याला पुसलं. "कसं होतं?"

"लई चांगलं. शेवटाला रडाया आलं." ती थोडी हसली. मग तशीच उभी राहिली. अण्णांना आधी कळलं नाही ती का थांबलीय. मग कळलं. पुस्तक परत दिलं की दुसरं मिळतं, इतकी वर्षं तसंच होतं.

एक गिऱ्हाईक स्प्रिंग मागत होतं. अण्णांनी त्याला थांब म्हणून हात केला आणि दुकानात इकडंतिकडं बघितलं, फळ्यांवर, डब्यांवर, जणू तिथं एखादं असेल.

"आत्ता न्हाय, बाई," ते म्हणाले. "बघतो. गोदामातनं काढतो एखादं."

"उद्या येऊ?"

"उद्या..." ते म्हणाले. गोदामाचं कुलूप उघडून महिने झाले होते. आत काय उरलं असेल हे त्यांना माहीत नव्हतं, आणि असलं तरी हिला कुठलं द्यायचं हे ते कसं ठरवणार होते. "दोन-चार दिवसांनी ये."

"बरं," म्हाळसाबाई म्हणाली. तिनं पदर सारखा केला, रस्त्यावरचा ट्रक जाऊ दिला, आणि ओलांडून गेली. अण्णांनी गिऱ्हाइकाकडं वळून विचारलं, "कुठल्या मापाची?"